झाडांचं वेड लागलंय का? खुणा ओळखा!

आम्ही मानखुर्दच्या बायका. घर एका खोलीचं, अंगण नाही, तरी झाडांचं वेड लागलंय. कसं ओळखायचं? ऐका.

तेलाचा डबा अजून अर्धा भरलेला असतो, पण त्याला खालून भोकं कुठे पाडायची हे आमचं ठरलेलं असतं. पाणी साचलं तर मुळं कुजतात ना! चहाचा चोथा आम्ही धुऊन घेतो. साखर राहिली तर मुंग्या येतात. तांदळाचं धुवण मोरीत गेलं की जीव हळहळतो. लग्नात नवरीआधी मांडवातल्या कुंड्या दिसतात. नवरा शिंकला तर "काढा घ्या", मिरचीचं पान आकसलं तर घरभर धावपळ!

पण वेड डोळस हवं. शेजारी देवनारची कचराभूमी आहे, १९२७ पासूनची. अशा जागची माती काळीभोर दिसते, पण बॅटऱ्या, जुने रंग यांतलं शिसं तिच्यात असू शकतं. ते पालेभाजीत उतरलं तर शिजवूनही जात नाही, आणि लहान मुलांना त्याचा जास्त त्रास होतो. म्हणून मेथी-कोथिंबिरीला आम्ही चांगल्या जागची माती आणि घरच्या ओल्या कचऱ्याचं खतच घालतो.

तुमच्याकडे तर परसबाग आहे. उकिरड्यात बॅटरी टाकू नका, बायांनो!