अश्वशक्ती आणि टॉर्क

टॉर्क (बल-आघूर्ण) म्हणजे इंजिनाच्या क्रँकशाफ्टला फिरवणारा पीळ. तो न्यूटन-मीटरमध्ये मोजतात. अश्वशक्ती हे शक्तीचे, म्हणजेच कार्य करण्याच्या दराचे एकक आहे. वाफेच्या इंजिनाची घोड्यांशी तुलना करण्यासाठी जेम्स वॉटने ते रूढ केले. एक अश्वशक्ती म्हणजे मिनिटाला ३३,००० फूट-पौंड कार्य, सुमारे ७४६ वॅट. पीळ कितीही मोठा असला, तरी दांडा फिरला नाही तर शक्ती शून्यच.

जाहिरातींत हे आकडे शेजारी छापतात, त्यामुळे या दोन स्वतंत्र राशी वाटतात. वस्तुतः त्यांना फेऱ्यांची गती जोडते. टॉर्कला मिनिटातील फेऱ्यांनी गुणून ९,५४९ ने भागल्यास किलोवॅटमध्ये शक्ती मिळते. १,५०० फेऱ्यांवर २०० न्यूटन-मीटर देणाऱ्या इंजिनाची शक्ती तेथे सुमारे ४२ अश्वशक्ती भरते. ६,००० फेऱ्यांवर १०० न्यूटन-मीटर देणाऱ्याची सुमारे ८४.

गिअरपेटी टॉर्क वाढवू शकते, शक्ती नाही. टॉर्क चौपट केला की फेरे चतुर्थांश होतात. शिवाय घर्षणात थोडी शक्ती खर्ची पडते. म्हणून चाकाशी किती ओढ मिळेल, हे इंजिनाच्या टॉर्कवरून एकट्याने सांगता येत नाही.

ट्रॅक्टरचे डिझेल इंजिन कमी फेऱ्यांवरच भरपूर टॉर्क देईल असे बांधतात. नांगर कठीण जमिनीत अडून फेरे उतरू लागले की त्याचा टॉर्क काहीसा वाढतो आणि इंजिन बंद न पडता ओढत राहते.