न्यूव-शापेलच्या शेतात खडकीचे सॅपर्स

कांजूरमार्गचा एक इतिहासवेडा फ्रान्सला गेला, तो पॅरिस सोडून थेट लील शहराकडे. तिथून भाड्याच्या गाडीने न्यूव-शापेलला. गाव एवढंसं: चर्च, विटांची घरं, भोवती सपाट शेतं.

गावाबाहेरच्या चौकात मात्र तो थबकलाच. समोर दगडी जाळीची गोल भिंत, सुमारे 15 मीटर उंच स्तंभ, माथ्यावर कमळ आणि पायथ्याशी दोन वाघ!

पहिल्या महायुद्धात इथल्या आघाडीवर पडलेल्या, कबर नसलेल्या 4,700 हून अधिक हिंदी सैनिकांची नावं इथे कोरली आहेत. रचना हर्बर्ट बेकरची, उद्घाटन 1927 चं.

त्याने आधी शोधले ते खडकीचे बॉम्बे सॅपर्स. खरं तर यांचं काम पूल बांधायचं, खंदक खणायचं. पण 28 ऑक्टोबर 1914 ला त्यांच्या 20 आणि 21 क्रमांकाच्या कंपन्या 47व्या शिखांसोबत बंदुका घेऊन या गावात घुसल्या. घराघरातून हातघाईची लढाई झाली. गाव हाती आलं, पण कुमक न मिळाल्याने सोडावं लागलं.

रस्त्यापलीकडे पोर्तुगीज सैनिकांची दफनभूमी आहे, तीही पाहावी. बेथ्यूनचा जुना घंटामनोराही जवळच.

2023 पासून हे स्मारक जागतिक वारसा यादीत आहे. पणजोबा त्या फौजेत होते? नाव कसं शोधायचं, ते कमेंटमध्ये विचारा.