बूटकॅम्पचा पहिला दिवस

एकट्याने सुरू केलेला व्यायाम लवकर सुटतो. गटात कोणीतरी आपली वाट पाहत असते, म्हणून बूटकॅम्पला माणसे टिकतात. जागतिक आरोग्य संघटना सांगते ती आठवड्याची किमान 150 मिनिटे तिथे सहज भरतात. पण पैसे भरण्याआधी एक वर्ग नुसता पाहा. प्रशिक्षक नवख्याला रक्तदाब, मधुमेह, छातीतले दुखणे विचारतो का? दमलेल्याला थांबू देतो का? (गाणी मोठ्याने लावणे म्हणजे शिकवणे नव्हे.)

पहिल्याच दिवशी शंभर उठाबशा काढायला लावणारा नकोच. सवय नसलेले स्नायू अतिश्रमाने फुटतात आणि त्यातले मायोग्लोबिन मूत्रपिंडाला इजा करते. दोन-तीन दिवस अंग दुखणे ठीक; लघवी कोऱ्या चहासारखी झाली, तर वेदनाशामक गोळी न घेता त्याच दिवशी रुग्णालय गाठा.