व्यत्यय, विलोम आणि वैपरीत्य

मराठीत ‘उलट’ हा शब्द इतका परिचयाचा आहे की त्याच्या अर्थाची चिकित्सा करण्याची गरज सहसा कोणास भासत नाही. सदरा उलटा घातला जातो, आकडे उलट मोजले जातात, घट्ट बसलेला पेच उलट फिरवून काढला जातो. आणि हिवाळ्यातील पहाटे डोंगरमाथ्यापेक्षा दरीत अधिक थंडी पडली तर तोही प्रकार उलटच म्हटला जातो. व्यवहारात यामुळे काही बिघडत नाही. शास्त्रीय लेखनात मात्र बिघडते. ‘इन्व्हर्शन’ ही इंग्रजी संज्ञा व्याकरण, गणित, हवामानशास्त्र व विद्युत्शास्त्र अशा दूरदूरच्या क्षेत्रांत वावरते. तिच्यासाठी सर्वत्र एकच मराठी शब्द योजिला, तर एका क्षेत्रातील अनुमान दुसऱ्या क्षेत्रात नकळत शिरते. ‘जे उलटता येते ते पूर्ववतही करता येते’ हे अशा अनुमानांपैकी सर्वांत फसवे होय. म्हणून या एका संज्ञेखाली नांदणाऱ्या तीन कल्पना वेगळ्या करणे अगत्याचे आहे : क्रमाचा व्यत्यय, क्रियेचा विलोम आणि नित्य संबंधाचे वैपरीत्य.

पहिली कल्पना क्रमाची. येथे घटक तेच राहतात, त्यांची स्थाने तेवढी बदलतात. बाराव्या शतकातील हेमचंद्राने आपल्या प्राकृत व्याकरणात असे काही शब्द नोंदविले असून त्या प्रकारास ‘व्यत्यय’ हाच शब्द योजिला आहे. ‘वाराणसी’चे प्राकृत रूप ‘वाणारसी’. त्यातील र व ण यांनी जागा बदलल्या आहेत, आणि ‘बनारस’ या रूपात तोच बदललेला क्रम टिकून आहे. ‘अचलपुर’चे ‘अलचपुर’ झाले. विदर्भातील या नगराच्या ‘एलिचपूर’ या दीर्घकाळ रूढ असलेल्या नावातही ल आधी व च नंतर येतो. ‘महाराष्ट्र’ शब्दाचे ‘मरहट्ठ’ होताना ह व र यांचा क्रम उलटला, आणि त्याच रूपातून ‘मराठा’ व ‘मराठी’ हे शब्द सिद्ध झाले. आपल्या भाषेचे नावच वर्णव्यत्ययाचे उदाहरण आहे, हे सहसा ध्यानात येत नाही.

व्यत्ययाचा परिणाम काय होईल हे त्या त्या व्यवस्थेवर अवलंबून असते. इंग्रजीत कर्ता व साहाय्यक क्रियापद यांची अदलाबदल केली की विधानाचा प्रश्न होतो. मराठीत ‘रामाने आंबा खाल्ला’ याऐवजी ‘आंबा खाल्ला रामाने’ असे म्हटले तरी कर्ता व कर्म तेच राहतात. कारण येथे संबंध विभक्तिप्रत्ययाने दर्शविला जातो, स्थानाने नव्हे. बदलतो तो केवळ वाक्यातील भर.

दुसरी कल्पना क्रियेची. एखाद्या क्रियेने घडलेला बदल मोडून मूळ स्थिती परत आणणारी क्रिया म्हणजे तिचा विलोम. इ. स. ४९९ च्या सुमाराच्या ‘आर्यभटीया’त ही रीत सांगितली आहे, आणि भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’तही (इ. स. ११५०) तिचे विवेचन आहे. भारतीय गणितात ती ‘विलोमविधि’ किंवा ‘व्यस्तविधि’ या नावाने ओळखली जाते. गुणाकाराच्या जागी भागाकार, बेरजेच्या जागी वजाबाकी, वर्गाच्या जागी मूळ घ्यावयाचे व शेवटाकडून आरंभाकडे जावयाचे. समजा, एका संख्येस ३ ने गुणिले, त्यात ९ मिळविले व येणाऱ्या संख्येस ६ ने भागिले असता ५ आले. विलोमाने ५ ला ६ ने गुणून ३०, त्यातून ९ वजा करून २१, व त्यास ३ ने भागून ७ ही मूळ संख्या मिळते. क्रिया उलटल्या पण त्यांचा क्रम मूळचाच ठेवला, तर ७ ऐवजी उणे ४४ हे असंबद्ध उत्तर येते. सदऱ्यावर कोट घातला असेल तर आधी कोटच काढावा लागतो, तसेच हे आहे. अनेक क्रियांच्या विलोमात क्रमाचा व्यत्यय असा अंगभूत असतो. दोन्ही कल्पनांचा घोटाळा होण्याचे हे एक कारण आहे.

घरोघरी दिसणाऱ्या ‘इन्व्हर्टर’चे नावही याच कल्पनेतून आले आहे. प्रत्यावर्ती विद्युत्प्रवाहाचे एकदिश प्रवाहात रूपांतर करणारे उपकरण आधी रूढ झाले. त्याच्या विलोम क्रियेने बॅटरीतील एकदिश प्रवाह पुन्हा प्रत्यावर्ती केला जातो. मात्र या येण्याजाण्यात काही ऊर्जा दर वेळी उष्णतेच्या रूपाने वाया जाते. मूळ स्थिती पूर्णांशाने परत येत नाही.

विलोमाची खरी मर्यादा याहून खोल आहे. अनेक भिन्न मूळे एकाच फलात विलीन होत असतील, तर केवळ फलावरून मूळ सांगता येत नाही. वर्ग ४९ असेल तर मूळ ७ की उणे ७ हे तेवढ्यावरून ठरत नाही. ध्वनिपरिवर्तनात हेच मोठ्या प्रमाणावर घडते. संस्कृत ‘सप्त’, ‘भक्त’ व ‘रात्रि’ यांची प्राकृत रूपे अनुक्रमे ‘सत्त’, ‘भत्त’ व ‘रत्ति’. त्यांपासून मराठीत ‘सात’, ‘भात’ व ‘रात’ आले. प्त, क्त व त्र ही तिन्ही जोडाक्षरे त्त मध्ये विलीन झाली. संस्कृत ग्रंथ उपलब्ध नसते, तर ‘सात’ शब्दात पूर्वी प होता हे मराठीवरून कळले नसते. हिंदीतील ‘सात’ किंवा पंजाबीतील ‘सत्त’ यांचीही साक्ष उपयोगी पडली नसती, कारण या भाषा त्याच परिवर्तनातून गेल्या आहेत. लॅटिन ‘सेप्टेम्’ व ग्रीक ‘हेप्टा’ यांची साक्ष मात्र निर्णायक ठरते. त्या वेगळ्या वाटेने आल्या असल्यामुळे त्यांत प शिल्लक आहे.

क्ष-किरणांच्या उपयोगात हाच प्रश्न वेगळ्या वेषात उभा राहिला. एका छायाचित्रात शरीरातील पुढचे व मागचे अवयव एकावर एक पडतात, आणि खोलीचे ज्ञान नष्ट होते. त्याच दिशेने आणखी दहा छायाचित्रे घेतली तरी ते परत येत नाही. अनेक दिशांनी घेतलेल्या छायांवरून मूळ आकृती पुन्हा सिद्ध करता येते, हे योहान राडॉन या गणितज्ञाने १९१७ मध्ये दाखविले होते. पुढे सीटी स्कॅन याच तत्त्वावर उभे राहिले. १९७१ मध्ये लंडन येथे पहिल्या रुग्णाची अशी तपासणी झाली, आणि १९७९ चे वैद्यकाचे नोबेल पारितोषिक कॉर्मॅक व हाउन्सफील्ड यांस मिळाले. तौलनिक भाषाशास्त्र व हे तंत्र यांचा धडा एकच आहे : हरवलेले मूळ साक्षींच्या संख्येने परत येत नाही, साक्षींच्या दिशा भिन्न असाव्या लागतात.

तिसरी कल्पना वैपरीत्याची. येथे कोणी कशाची अदलाबदल केलेली नसते, किंवा केलेली क्रिया मोडलेलीही नसते. नित्याचा संबंध विपरीत झालेला असतो. हवेचे तापमान उंचीबरोबर दर हजार मीटरला सरासरी सुमारे ६.५ अंश सेल्सिअसने घटते. परंतु निरभ्र, निवांत रात्री जमीन लवकर निवते, तिच्यालगतची हवा थंड व जड होते आणि वर उबदार हवेचा थर राहतो. खालची हवा वर जाऊ शकत नाही. धूर व धुके तळाशी कोंडतात. लंडनमध्ये ५ ते ९ डिसेंबर १९५२ या दिवसांत उच्चदाबाच्या स्थिर हवेमुळे असेच वैपरीत्य टिकून राहिले व कोळशाचा धूर शहरावर साचला. मृतांची संख्या तेव्हा सुमारे ४,००० मानली गेली. नंतरच्या संशोधनात ती सुमारे १२,००० पर्यंत असावी असे अनुमान निघाले. या दुर्घटनेतूनच तेथे १९५६ चा स्वच्छ हवेचा कायदा झाला. लेसरमध्येही वैपरीत्यच असते : एरवी कमी ऊर्जेच्या पातळीवर अणू अधिक असतात, बाहेरून ऊर्जा पुरवून उच्च पातळीवर त्यांची संख्या अधिक ठेवली जाते, तेव्हाच प्रकाशाचे वर्धन होते. पुरवठा थांबला की नित्य स्थिती आपोआप परतते.

या तिन्ही कल्पनांना विचारावयाचा प्रश्न निरनिराळा आहे. व्यत्ययाविषयी विचारावे : कोणते घटक हलले, आणि अर्थ स्थानावर अवलंबून आहे काय? विलोमाविषयी विचारावे : मूळ एकच आहे काय, आणि ते सांगण्यास पुरेशी साक्ष उरली आहे काय? वैपरीत्याविषयी विचारावे : नित्य स्थिती कोणती, आणि तिच्यापासून हे अंतर कोणत्या कारणाने टिकून आहे? वर्णांच्या अदलाबदलीस ‘वर्णविपर्यय’ आणि गणितात ‘व्यस्त’ हे शब्द रूढ झाले आहेत. ते मोडण्याचे कारण नाही. परंतु नवी परिभाषा घडविताना या तीन प्रश्नांपैकी कोणता प्रश्न अभिप्रेत आहे, हे आधी ठरवून मगच शब्द निवडणे इष्ट होय.