छोट्या शहरांतील गुन्हेगारी : जामताऱ्याच्या निमित्ताने

छोट्या शहरात गुन्हे वाढले की त्याचे खापर सर्वप्रथम दारिद्र्य आणि बेरोजगारी यांवर फोडले जाते. हे कारण खोटे नाही. मात्र ते अपुरे आहे. देशात गरीब शहरे शेकडो आहेत आणि त्यांतील बहुसंख्य शहरांचे नाव गुन्ह्यांसाठी कोणी घेत नाही. मग झारखंडमधील जामताऱ्याचेच नाव का गाजले?

जामतारा जिल्हा २००१ मध्ये दुमका जिल्ह्यातून वेगळा झाला. २०११च्या जनगणनेनुसार जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे ७ लाख ९१ हजार होती. मुख्यालयाच्या शहराची ३० हजारांहून कमी. शेती बहुतांशी पावसावर अवलंबून आहे. हावडा-दिल्ली लोहमार्ग मात्र येथूनच जातो आणि या पट्ट्यात पूर्वी रेल्वे प्रवाशांना गुंगीचे औषध देऊन लुटण्याचे प्रकार होत. २०१० नंतरच्या दशकात मोबाइल आणि बँकेची कार्डे सर्वदूर पोहोचली. तेव्हा बँक अधिकारी असल्याची बतावणी करून कार्डाचा तपशील काढून घेणारे दूरध्वनी येथून देशभर जाऊ लागले. दारिद्र्य तेच होते, संधी बदलली.

गॅरी बेकर या अर्थशास्त्रज्ञाने १९६८ मध्ये मांडलेल्या सिद्धान्तानुसार गुन्हेगार अपेक्षित लाभ, पकडले जाण्याची शक्यता आणि शिक्षेची तीव्रता यांचा हिशेब करतो. जामताऱ्यात हा हिशेब कमालीचा सोयीचा ठरला. फसवला गेलेला मनुष्य हजार किलोमीटरवर, तक्रार त्याच्या गावच्या ठाण्यात आणि साक्षीसाठी इतक्या दूर येण्यास तो नाखूश. त्यातच माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ७८ नुसार अशा गुन्ह्याचा तपास निरीक्षक किंवा त्यावरील दर्जाचा अधिकारीच करू शकतो. छोट्या शहरात असे अधिकारी असतात तरी किती?

छोट्या शहराची खरी ढाल म्हणजे परस्पर ओळख. शेजाऱ्याच्या घरी चोरी करणारा लपून राहत नाही. परंतु लुबाडणूक परमुलखातील अनोळखी माणसाची असेल, तर ही ढाल निरुपयोगी होते. उलट एकाचे कसब मित्र आणि नातलगांमार्फत दुसऱ्याकडे जाते. येथे गुन्हा हा एक शिकता येणारा व्यवसायच बनला.

उपायही त्यामुळे दुहेरी झाले. २०१८ मध्ये जामताऱ्यात स्वतंत्र सायबर पोलीस ठाणे सुरू झाले. २०२० पासून ग्रामपंचायतींतील वापरात नसलेल्या इमारतींत सामुदायिक ग्रंथालये उघडण्यात आली. तेथे युवक स्पर्धा परीक्षांची तयारी करतात. तथापि असे गुन्हे लगतच्या देवघर आणि गिरिडीह जिल्ह्यांतही पसरले. केवळ एका शहरापुरत्या बंदोबस्ताची ही मर्यादा आहे.

आकडेवारी वाचताना तर विशेष दक्षता हवी. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभाग गुन्ह्यांचा दर प्रति लाख लोकसंख्येमागे देतो. ३० हजार वस्तीच्या शहरात वर्षाला ३ खून झाले तर दर १० येतो. पुढील वर्षी ६ झाले की तो २० होतो. वृत्तपत्रे त्यास ‘दुप्पट वाढ’ म्हणतात, वास्तविक तो योगायोगही असू शकतो. शिवाय ही आकडेवारी घडलेल्या नव्हे, तर नोंदलेल्या गुन्ह्यांची असते. दखलपात्र गुन्ह्याची खबर मिळताच प्रथम खबरी अहवाल नोंदवणे बंधनकारक असल्याचा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये ललिता कुमारी खटल्यात दिला. ज्या ठाण्यात तो प्रामाणिकपणे पाळला जातो, तेथील आकडा फुगलेला दिसतो. जामताऱ्याच्या बाबतीत नेमके उलटे घडले : दूरध्वनी येथून गेले, पण गुन्ह्यांची नोंद मोठ्या प्रमाणावर अन्य राज्यांत झाली.