डेटा सेंटरमधून निवृत्त, घरात कामाला: वापरलेल्या नेटवर्क कार्डांची निवड

संगणकशास्त्राचे विद्यार्थी, सर्व्हर सांभाळणारे तंत्रज्ञ आणि हौशी अभ्यासक आपल्या घरी दोन-तीन संगणक, एखादा फाइल सर्व्हर आणि स्विच जोडून जी छोटी प्रायोगिक व्यवस्था उभी करतात, तिला होम लॅब म्हटले जाते. या व्यवस्थेत प्रोसेसर, रॅम आणि डिस्क यांवर विचारपूर्वक खर्च होतो. संगणकांना परस्परांशी जोडणारा दुवा मात्र बहुधा मदरबोर्डवर आयत्या मिळालेल्या एक गिगाबिटच्या पोर्टवर सोडून दिलेला असतो. हा पोर्ट सेकंदाला जास्तीत जास्त १२५ मेगाबाइट माहिती वाहून नेतो, तर साटा जोडणीची एसएसडी सेकंदाला सुमारे ५५० मेगाबाइट आणि एनव्हीएमई प्रकारची एसएसडी काही हजार मेगाबाइट वाचून देऊ शकते. त्यामुळे बॅकअप घेताना किंवा आभासी संगणकाची प्रतिमा एका यंत्रावरून दुसऱ्यावर हलवताना डिस्क रिकामी बसून राहते आणि तारेची वाट पाहते. दहा गिगाबिटचे कार्ड ही मर्यादा १२५० मेगाबाइटपर्यंत नेते, आणि ते नवे न घेता वापरलेले घेतल्यास हा बदल सामान्य खिशाच्या आवाक्यात येतो.

ही कार्डे स्वस्त मिळतात याचे कारण त्यांच्या दोषात नाही. दहा गिगाबिट इथरनेटचे पहिले मानक २००२ साली आले, २०१० नंतरच्या दशकात ते सर्व्हरांमध्ये सर्रास बसू लागले, आणि २०१६ साली पंचवीस गिगाबिटचे मानक संमत झाल्यावर मोठ्या डेटा सेंटरांनी त्या दिशेने मोहरा वळवला. सर्व्हर ठरावीक वर्षांनी बदलले जातात तेव्हा त्यांतील चालू स्थितीतील कार्डेही बाहेर पडतात. हार्ड डिस्कप्रमाणे या कार्डांत फिरणारा, झिजणारा भाग नसतो. म्हणून वापरलेली डिस्क घेताना जो धोका पत्करावा लागतो, त्याच्या मानाने इथला धोका पुष्कळच कमी आहे. खरी जोखीम वेगळीच असते: कार्ड उत्तम चालते, पण ते ज्या संगणकात बसवायचे आहे त्याच्याशी त्याचे जुळत नाही. त्यामुळे निवडीची सुरुवात कार्डापासून न करता स्लॉटपासून करणे इष्ट ठरते.

ही कार्डे मदरबोर्डवरील पीसीआय एक्स्प्रेस या स्लॉटमध्ये बसतात. या स्लॉटमधील माहितीच्या स्वतंत्र मार्गांना लेन म्हणतात आणि दुसऱ्या पिढीच्या स्लॉटमध्ये प्रत्येक लेन सुमारे चार गिगाबिट, तर तिसऱ्या पिढीच्या स्लॉटमध्ये जवळजवळ आठ गिगाबिट माहिती दर सेकंदाला नेते. वरवर सोळा लेनचा दिसणारा लांब स्लॉट आतून केवळ चार लेननी जोडलेला असणे घरगुती मदरबोर्डांत अगदी नेहमीचे आहे. अशा स्लॉटमध्ये दुसऱ्या पिढीचे, आठ लेनसाठी बनवलेले दोन पोर्टचे कार्ड बसवले, तर स्लॉट कितीही नवा असला तरी कार्ड आपल्याच पिढीच्या वेगाने चालते आणि त्याला एकूण सोळा गिगाबिटच मिळतात. हे एका पोर्टला पुरेसे असते, पण दोन्ही पोर्ट एकाच वेळी पूर्ण वेगाने चालवायला नव्हे. एका लेनच्या आखूड स्लॉटमध्ये तर तिसऱ्या पिढीचे कार्डही पूर्ण दहा गिगाबिट गाठू शकत नाही. याशिवाय बाजारात सर्वांत स्वस्त दिसणाऱ्या कार्डांपैकी अनेक कार्डे एचपी किंवा डेल यांच्या सर्व्हरांसाठी वेगळ्या आकारात घडवलेली असतात आणि ती साध्या स्लॉटमध्ये बसतच नाहीत. म्हणून छायाचित्रातील सोनेरी पट्टी आणि कॅबिनेटला स्क्रूने जोडली जाणारी धातूची पट्टी, या दोहोंचा आकार नीट न्याहाळल्याखेरीज पैसे देऊ नयेत.

यानंतर प्रश्न तारेचा येतो. परिचित आरजे-४५ पोर्ट असलेली, तांब्याच्या नेहमीच्या केबलवर चालणारी कार्डे सोयीची वाटतात, कारण घरात आधीच टाकलेली कॅट-६ केबल दहा गिगाबिटला सुमारे ५५ मीटरपर्यंत आणि कॅट-६ए केबल १०० मीटरपर्यंत चालते. परंतु इंटेलच्या एक्स५४० सारखी या प्रकारची जुनी कार्डे दहा वॅटहून अधिक वीज सहज घेतात आणि तेवढीच तापतात. याउलट एसएफपी प्लस हा पोर्ट म्हणजे एक रिकामी खाच असून तिच्यात गरजेनुसार प्रकाशीय मॉड्यूल किंवा दोन्ही टोकांना जोडणी असलेली तांब्याची तयार तार, म्हणजे डॅक केबल, बसवता येते. एकाच खोलीतील यंत्रांसाठी डॅक केबल हा निःसंशय सर्वोत्तम पर्याय आहे: ती स्वस्त असते, वीज जवळजवळ घेत नाही आणि दोन-तीन मीटरच्या अंतरात तिच्यात बिघडण्यासारखे फारसे काही नसते. दोनच संगणक जोडायचे असतील तर महागड्या स्विचचीही गरज उरत नाही. दोन्ही कार्डे थेट एका केबलने जोडून दोहोंना घरच्या जाळ्याहून वेगळ्या अशा एकाच उपजाळ्यातील पत्ते दिले की काम भागते, आणि इंटरनेटसाठी जुना एक गिगाबिटचा पोर्ट तसाच वापरता येतो. अंतर मोठे असल्यास ओएम-३ दर्जाचे फायबर ३०० मीटरपर्यंत पुरते.

प्रत्यक्ष कार्डांचा विचार करता तीन नावे प्रामुख्याने समोर येतात. इंटेलच्या ८२५९९ या चिपवरील एक्स५२० हे दुसऱ्या पिढीच्या आठ लेनचे कार्ड लिनक्स आणि फ्रीबीएसडी या दोन्ही प्रणालींवर दीर्घकाळ पारखले गेले आहे. त्याची एक खोड अशी की त्याचा ड्रायव्हर, म्हणजे कार्ड आणि ऑपरेटिंग सिस्टीम यांच्यातील दुभाषी प्रोग्रॅम, इंटेलने न मानलेले प्रकाशीय मॉड्यूल नाकारतो. लिनक्समध्ये ड्रायव्हरची एक सेटिंग बदलून ही अडवणूक दूर करता येते. दुसरे नाव मेलानॉक्सच्या कनेक्टएक्स-३ चे. १९९९ साली इस्रायलमध्ये स्थापन झालेली ही कंपनी २०२० साली एनव्हिडियाने विकत घेतली. तिचे एका पोर्टचे कनेक्टएक्स-३ तिसऱ्या पिढीच्या चारच लेन वापरते, त्यामुळे घरगुती मदरबोर्डच्या दुय्यम स्लॉटमध्येही ते पूर्ण वेगाने चालते. मात्र आभासी संगणक चालवणाऱ्या व्हीएमवेअरच्या ईएसएक्सआय या प्रणालीच्या आठव्या आवृत्तीने त्याचा आधार काढून टाकला आहे. व्हीएमवेअर शिकण्यासाठीच प्रयोगशाळा उभारणाऱ्याला म्हणून हे स्वस्त कार्ड महागात पडते. याच मालिकेतील व्हीपीआय नावाची कार्डे इथरनेटखेरीज इन्फिनिबँड या वेगळ्या पद्धतीनेही चालतात आणि हाती येतात तेव्हा त्याच अवस्थेत असू शकतात. पोर्टचा प्रकार आज्ञेद्वारे बदलेपर्यंत ती बंद पडल्यासारखी भासतात आणि चांगली कार्डे निष्कारण परत पाठवली जातात.

तिसरे कार्ड कनेक्टएक्स-४ एलएक्स. ते पंचवीस गिगाबिटपर्यंत जाते, त्याच्या खाचेत दहा गिगाबिटची जुनी मॉड्यूल व केबलही चालतात, आणि त्याचा ड्रायव्हर कंपनीच्या नव्या कार्डांशी सामाईक असल्याने त्याला पुढील अनेक वर्षे आधार मिळण्याची शक्यता अधिक आहे. किमतीतला फरक परवडण्याजोगा असेल तर आज याच कार्डाला पसंती द्यावी. चाळीस गिगाबिटची कार्डे आकड्याने मोहात पाडतात, परंतु तो वेग दहा गिगाबिटचे चार मार्ग एकत्र बांधून मिळवलेला आहे, तर शंभर गिगाबिटची पुढची उभारणी पंचवीसच्या मार्गांवर झाली. त्यामुळे चाळीसची शाखा बाजूला पडली. तिचे जुने स्विच घरात झोपमोड होईल इतका आवाज करतात.

उष्णतेकडे होणारे दुर्लक्ष हे या कार्डांच्या अकाली मृत्यूचे मोठे कारण आहे. सर्व्हरमध्ये पुढून मागे सतत जोराची हवा वाहते, हे गृहीत धरून त्यांवर केवळ धातूची लहान उष्णताशोषक पट्टी बसवलेली असते. घरातील शांत कॅबिनेटमध्ये, त्यातही विदर्भातल्या मे महिन्यात, एवढ्याने भागत नाही आणि कार्डाच्या दिशेने वारा सोडणारा छोटा पंखा लावावाच लागतो. वाळलेली थर्मल पेस्ट बदलणेही लाभाचे ठरते. शिवाय सतत चालू राहणारा प्रत्येक जादा वॅट वर्षाला पावणेनऊ युनिट वीज घेतो, आणि काही जुनी कार्डे प्रोसेसरला गाढ विश्रांतीच्या अवस्थेत जाऊ देत नाहीत, त्यामुळे प्रत्यक्ष वाढ कार्डाच्या स्वतःच्या वापराहून जास्त निघते.

मुंबईचा लॅमिंग्टन रोड, दिल्लीचे नेहरू प्लेस आणि बंगळूरचा एस. पी. रोड येथे वापरलेल्या सुट्या भागांचा व्यापार चालतो. परदेशातून मागवल्यास टपालखर्च व सीमाशुल्क धरून हिशेब करावा. इंटेलच्या नावाने बनावट कार्डेही विकली जातात. संशयास्पदरीत्या स्वस्त आणि कोरे करकरीत कार्ड दिसल्यास, सर्व्हरमधून काढलेले, किंचित धूळ बसलेले कार्ड अधिक विश्वसनीय मानावे. परत करण्याची मुदत असतानाच आयपर्फ३ या मोफत प्रोग्रॅमने दोन यंत्रांमधील वेग तासभर मोजावा. दहा गिगाबिटच्या निरोगी जोडणीवर तो ९.४ गिगाबिटच्या आसपास स्थिर राहतो. तो सहा-सातवर अडकला तर आधी कार्डाला प्रत्यक्षात किती लेन मिळाल्या आहेत ते पाहावे, सुरुवातीला पूर्ण असून हळूहळू घसरला तर उष्णतेचा संशय घ्यावा, आणि वेग पूर्ण असूनही त्रुटींची संख्या वाढत असेल तर कार्ड परत करण्यापूर्वी केबल बदलून पाहावी.