विश्लेषण : पक्षाघाताच्या रुग्णाला लगेच पाणी का देत नाहीत?

रुग्ण शुद्धीवर दिसला की नातेवाईक पाण्याचा पेला पुढे करतात. पण पक्षाघाताने गिळणे बिघडले असेल, तर तो घोट श्वासनलिकेत जाऊन न्यूमोनिया होऊ शकतो. म्हणून आधी गिळण्याची तपासणी. सोबत पहिले ७२ तास ताप आणि साखरेवर लक्ष. हे काम परिचारिकांचे.

ऑस्ट्रेलियात न्यू साउथ वेल्समधील १९ स्ट्रोक युनिटमध्ये याचा अभ्यास झाला. प्रा. सँडी मिडलटन यांच्या पथकाने काही युनिटना कार्यशाळा दिल्या आणि पुढेही भेटी, फोन, ई-मेल चालू ठेवले. २०११च्या ‘लॅन्सेट’मधील निष्कर्ष : ९० दिवसांनी मृत्यू वा परावलंबित्व तिथे ४२ टक्के, इतरत्र ५८. औषध नवे नव्हतेच! एकदाच शिकवले, तर पाळी बदलताच विसरले जाते. खरी मेहनत त्या पाठपुराव्यात आहे.